कारध्याची साक्ष

मी जवाहरनगरच्या बसमध्ये चढत होते, एक पाय पायरीवर, एक अजून भंडाऱ्याच्या जमिनीवर, तेवढ्यात मागून कुणीतरी "ताई" म्हणालं. वळून पाहिलं तर अश्वजित, नदीपलीकडच्या कारध्याच्या धुरपताआजींचा नातू. त्याने हातातला मोबाईल माझ्यासमोर धरला आणि पडद्यावर मीच होते. पिवळा ड्रेस, चर्चमधला माईक, मागे भिंतीवरचा लाकडी क्रूस. बसस्थानकाच्या गोंगाटात आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे माझं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं. काय बोलते आहे ते ऐकायची मला गरजही नव्हती, सगळं तोंडपाठ होतं. अश्वजित चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द चिडून बोलता आले असते. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजीनं पायलं हे. आजी इचारून राहिली, मी असं कवा म्हनली?" कंडक्टरने घंटी मारली. मी पायरीवरचा पाय खाली घेतला आणि बस निघून गेली.

बाकीचं त्याने रसवंतीच्या बाकावर बसून सांगितलं. मी पाय धुतले त्या शनिवारी आजींच्या डाव्या पायावर फोड आला होता, तो बसायला बारा दिवस लागले. त्याबद्दल आजी काही म्हणत नाहीत. पण हा व्हिडिओ फिरत फिरत कारध्याच्या बायकांच्या मोबाईलवर आला, आणि विहारात कुणीतरी विचारलं की धुरपताबाईंनी धर्म बदलला का. चाळीस वर्षं रविवारी सकाळी विहारात आजी पुढे बसतात, वंदनेची पहिली ओळ त्यांची, मग बाकीच्यांची. ज्या दिवशी हा प्रश्न आला त्या दिवशी त्या उठून मागच्या रांगेत जाऊन बसल्या. आता दोन रविवार झाले, मागेच बसतात. अश्वजितने सांगून पाहिलं, त्याच्या आईने सांगून पाहिलं. बायका हो हो म्हणतात आणि पुन्हा मोबाईल बघतात. आजींचं म्हणणं एकच, जिने सांगितलं तिनेच येऊन सांगावं. या रविवारी नऊ वाजता. मी मान डोलावली. नऊ वाजता आमचीही उपासना असते, हे मी बोलले नाही. त्याने रसाचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि मी तो प्यायलेसुद्धा, माणूस काय काय करतो.

दुसऱ्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. हिवाळ्याची दुपार, धानाचे कापलेले बांध, पिवळट ऊन. डोळे अर्धे मिटले की मला ते पाय दिसत. धुरपताआजींचे पाय मी महिनाभर ओंजळीत धरले होते, त्यांच्या चेहऱ्यापेक्षा ते मला जास्त ओळखीचे. पन्नास-साठ वर्षं धानाच्या रोवणीच्या चिखलात उभे राहिलेले, बोटांच्या बेचक्यांत काळपट, नखं जाड, पिवळी, आत वळलेली. अशी नखं कोरडी कापता येत नाहीत. कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवायचे, मग सरळ कापायची, कोपरे गोल करायचे नाहीत, नाहीतर नख मांसात शिरतं. हे सगळं आम्हाला चर्चच्या पाळकसाहेबांनी शिकवलं होतं. आमचा तरुण संघ म्हणजे इनमीन सहा जण. पुराच्या वर्षी कारध्यात घरांमधला गाळ काढायला गेलो होतो, तेव्हापासून दर शनिवारी जायचा पायंडा पडला. म्हाताऱ्यांची नखं, केस, औषधांच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत भरून देणं, कुणाचा निराधार योजनेचा फॉर्म. शेवटी "प्रार्थना केली तर चालेल का" असं विचारायचं, आणि हो म्हटलं तरच करायची. यंदा माझ्या वाट्याला आलेल्या धुरपताआजींना पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, तुमचं तुमी करा. आम्ही डोळे मिटायचो. त्या काय करायच्या ते अर्थातच आम्हाला कधी दिसलं नाही.

आता खरी गोष्ट सांगते, म्हणजे माझी. माझ्याकडे साक्ष नव्हती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी तरुणांपैकी एक जण उभा राहून साक्ष देतो, प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते. अतुल आमचा सेक्रेटरी, त्याची मोटरसायकल साकोलीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली आणि तो बाजूला उभा राहिला, त्याची साक्ष तीन वेळा झाली. तृप्तीच्या आईची गाठ साधी निघाली. प्रत्येकाकडे काही ना काही. माझे वडील फॅक्टरीत, आई शाळेत, क्वार्टर सरकारी, प्रकृती ठणठणीत, बारावीला पंच्याहत्तर टक्के. माझ्यावर देवाने इतकी सरळ कृपा केली होती की सांगण्यासारखं काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. लहानपणी मी रविवारी पहाटे अंथरुणात पडून वाट बघायची, की आज काहीतरी होईल. खिडकीतून फॅक्टरीच्या दिव्यांचा नारिंगी उजेड छतावर पडायचा आणि मला वाटायचं हाच, हाच तो. मग भोंगा व्हायचा आणि बाबा चहा मागायचे. बावीस वर्षांची झाले तरी मी मनातल्या मनात तशीच पडून होते, छताकडे बघत. विश्वास नव्हता असं नाही. विश्वास होता, पण त्याला माझा पत्ता सापडत नव्हता असं वाटायचं, आणि याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी शास्त्रवाचनात प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा भाग होता. रात्रभर तो माझ्या डोक्यात होता. सकाळी कारध्याला जाताना पुलावर धुकं होतं, आणि त्या धुक्यातून मी चालत नव्हते, कुणीतरी मला चालवत होतं. मी स्वतःला बाहेरून बघत होते. ही मुलगी, हातात टब, खांद्यावर टॉवेल. धुरपताआजींच्या अंगणात चुलीवर गंजात पाणी तापत होतं. मी ते टबात ओतलं, गार पाणी किती घातलं ते आठवत नाही, हात घालून बघितला नाही. गुडघ्यांवर बसले. त्यांचे दोन्ही पाय उचलले आणि पाण्यात ठेवले, आणि वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. एक क्षण, फार तर दोन. माझ्या छातीत काहीतरी उघडलं. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं असं मला वाटलं, अगदी खरं वाटलं, त्याच्याबद्दल मी आजही खोटं बोलणार नाही. मग त्या म्हणाल्या, "बाई, पानी लय गरम हाये." मी गडबडले, गार पाणी ओतलं. कातडी लाल झाली होती. राहू दे, होते असं, त्या म्हणाल्या, आणि मी नखं कापायला लागले.

मला एकदम खोटं बोलता येत नाही. माझ्या खोट्याला लोणच्यासारखं मुरावं लागतं. परतताना पुलावर मी तृप्तीला एवढंच म्हणाले की आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. यात खोटं काय. तृप्तीने माझा हात दाबला आणि तिचेही डोळे भरले, मग गरम पाण्याचं सांगायला जागाच उरली नाही. घरी आईला सांगितलं तेव्हा आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. त्या रात्री झोपेच्या काठावर मी तो हात अनुभवला, खरखरीत, हलका, चुलीच्या धुराचा वास असलेला. सकाळी उठले तेव्हा तो ठेवलाच होता. अतुलने विचारलं, रविवारी साक्ष देशील का, आणि मी उभी राहिले, माईक हातात घेतला. तोंडातून निघालं की त्या माऊलीने रडत रडत मला सांगितलं, पोरी, तुझ्या प्रभूनंच तुला माझ्याकडे पाठवलं. मागच्या बाकावर कुणीतरी "आमेन" म्हणालं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. मी आनंदाने खाली बसले. अतुलने तो व्हिडिओ टाकला. फेब्रुवारीत नागपूरला युवा संमेलन आहे, तिथे आपल्या मंडळीतर्फे साक्ष द्यायला रश्मीच, म्हणजे मीच, असं ठरलं, आणि या रविवारी उपासनेत तशी घोषणा व्हायची होती. मधले शनिवार मी कारध्याला गेलेच नाही. बी.एड.चे पाठ होते. पाठ नसते तरी गेले नसते, हे आता कळतं.

धुरपताआजींची एक आठवण त्यांनीच सांगितली होती, मी नखं कापताना. छप्पन सालची गोष्ट, त्या आठ-नऊ वर्षांच्या. त्यांच्या वडिलांनी नागपूरहून आल्यावर घरातले देव टोपलीत भरले आणि वैनगंगेवर नेले. ही पोरगी मागे मागे गेली. पाण्यात सोडून वडिलांनी रिकामी टोपली तिच्या हातात दिली. घरी येईपर्यंत ती टोपली डोक्यावर घेऊन चालली, आणि ती इतकी हलकी होती की आपण पडू असं तिला वाटत होतं. तेव्हापासून मी कोन्या देवापुढं हात नाही जोडले, असं त्या म्हणाल्या होत्या, अभिमानाने नाही, उंची सांगावी तसं. मी हे ऐकलं होतं. ऐकून, त्यांची बोटं पुसून, पावडर लावून, महिन्याभराने मी त्यांच्या तोंडात माझा देव घातला. बसमध्ये हे मनात आलं तेव्हा मला घाम फुटला. शेजारच्या बाईने खिडकी उघडू का विचारलं. मी नको म्हणाले.

शनिवारी रात्री जेवताना घरी सांगितलं. आईचा घास हातात राहिला. चूक झाली ना, मग आपल्या मंडळीत कबूल कर, पाळकसाहेबांना सांग, तिकडे परक्यांसमोर उभं राहून आपल्या घराची शोभा कशाला, असं तिचं. त्यात उद्या घोषणा. लोक काय म्हणतील, आणि बाबांच्या फॅक्टरीतले निम्मे सोबती कारध्याचेच, ते काय म्हणतील. आई चुकीचं बोलत नव्हती, तीच वाक्यं दिवसभर मी स्वतःशी बोलत होते. बाबा कमी बोलतात. त्यांनी ताट सरकवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाले, "जिथं सांडलं तिथंच पुसा लागते, बाई." मग ते बातम्या बघायला गेले. मी अतुलला फोन केला. पाणी गरम होतं, म्हटलं. तो म्हणाला की भाव तर खरा होता ना तुझा, मग थोडं इकडेतिकडे चालतं. मला त्याचा राग आला नाही. ट्रकखालून निघालेल्या त्याच्या मोटरसायकलचं चाकसुद्धा वाकडं झालं नव्हतं हे मला तेव्हाच आठवलं, आणि मी फोन ठेवला.

रविवारी लहान पुलावरून एकटी चालत गेले. धुकं इतकं दाट की कठड्यापलीकडे नदी आहे हे फक्त वासावरून कळत होतं, ओल्या दगडाचा, शेवाळ्याचा वास. खाली कुठेतरी मासे धरणाऱ्या ढीवरांचा डोंगा होता. वल्ह्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा दुसरीकडून यायचा. मला वाटत होतं हा पूल संपूच नये. मागे भंडाऱ्यात आता बाकांवर माणसं बसत असतील, तृप्ती पेटीवर बोटं फिरवून बघत असेल, माझी जागा रिकामी, तिसऱ्या ओळीत, खांबाजवळ. पुढे काही दिसत नव्हतं. मधे उभं राहून मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला आणि डोळे मिटताच मला तो पिवळा ड्रेस दिसला. मग डोळे उघडे ठेवूनच उभी राहिले. शब्द आले नाहीत. मला भीती वाटत होती, साधी भीती, आणि मी एवढंच म्हणाले की मला भीती वाटते. बऱ्याच दिवसांनी मी कुणाला तरी खरं सांगितलं होतं, आणि पाय आपोआप पुढे पडले.

विहार म्हणजे एक खोली, पंख्याखाली सतरंजी, समोर मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या. वीसेक बायका पांढऱ्या लुगड्यांत, साड्यांत. अश्वजित दाराशी चपला सारख्या करत होता. मी "जय ख्रिस्त" म्हणायला तोंड उघडलं, ते मिटलं, मग "जय भीम" म्हणाले, आणि ते इतकं अवघडून निघालं की पहिल्या रांगेतली एक तरुण बाई हसली. धुरपताआजी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढे त्यांची जागा होती, एक निळं बस्कर टाकलेलं, त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख दिली नाही, नाकारलीही नाही. मी उभी राहिले. माईक नव्हता. माझा आवाज मला फार लहान वाटला.

मी सांगितलं. माझं नाव, मी कोण, शनिवारी काय करायला येते. पाण्यात हात घालून बघितला नाही, हे सांगितलं. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं ते पाय भाजले म्हणून, आणि त्या फक्त पाणी गरम आहे म्हणाल्या. माझ्या देवाचं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, ते मी माझ्या मनाने त्यांच्या तोंडी घातलं, कारण मला आमच्या चर्चमध्ये मोठं व्हायचं होतं. शेवटचं वाक्य मी ठरवून आले नव्हते. ते आपोआप बाहेर पडलं. कुणी "आमेन" म्हणालं नाही. रुखमाबाई म्हणून एक आहेत, विहाराची किल्ली त्यांच्याकडे असते, त्यांनी माझ्याकडे नीट बघून विचारलं, "मंग तू येतंस तरी कायले?" मला उत्तर माहीत असायला हवं होतं. आमच्या अहवालात ते छापलेलं आहे, तीन मुद्द्यांत. मी म्हणाले, "मले माहीत नाही. पहिले माहीत होतं." माझ्या तोंडून आमच्या घरातली बोली निघाली होती आणि मी रडत होते. हे रडणं कुणाला दाखवायचं नव्हतं, तरी सगळ्या बघत होत्या.

धुरपताआजी उठल्या. भिंतीला हात लावून, एका गुडघ्यावर जोर देत, सावकाश. बायकांमधून वाट काढत पुढे आल्या, त्यांच्या डाव्या पायावरचा फिकट डाग माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मला वाटलं त्या काही बोलतील, माफ केलं किंवा नाही केलं, मला दोन्ही चाललं असतं. त्या बस्करवर बसल्या, पदर सारखा केला, आणि रुखमाबाईंना म्हणाल्या, लावा मेनबत्त्या, येळ होऊन राहिला. एवढंच. मग पहिली ओळ त्यांनी म्हटली. आवाज चिरका होता, पण त्याला काठ होता, आणि वीस आवाज त्याच्या मागे उभे राहिले. मी दाराशी उभी. जाऊ का राहू, कुणी सांगितलं नाही. मी सतरंजीच्या कडेला बसले. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत, नुसती बसले, ताठ, दुसऱ्याच्या घरी मोठी माणसं बोलत असताना बसावं तशी. आणि बसल्या बसल्या मला कळलं की दर शनिवारी आम्ही डोळे मिटून गोलात उभे असायचो तेव्हा आजी कशा बसत असतील. अशाच. प्रत्येक वेळी, प्रार्थना संपेपर्यंत, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी पाय धुतले म्हणून मला फार वाटत होतं. त्या महिनाभर माझं ऐकून घेत होत्या.

आवाज वर जात होते, खिडकीतून धुकं विरळ होत आत येत होतं, मेणबत्त्यांच्या ज्योती त्यात मोठ्या आणि पुसट दिसत होत्या. माझ्या आत कुणीतरी शांत बसलं होतं. छतावरच्या नारिंगी उजेडासारखं काही नव्हतं, काही उघडलं वगैरे नाही. मी खोटी पडले होते, वीस बायकांसमोर, घोषणा बुडाली होती, आई आठवडाभर बोलणार नव्हती, आणि तरी मला कुणी एकटं सोडलेलं नव्हतं. प्रभू इथे, या खोलीत, माझ्या शेजारी सतरंजीच्या कडेला बसला आहे असं मला वाटलं, तोही हात न जोडता, पाहुण्यासारखा. मला त्याचा फार लोभ वाटला. आयुष्यात पहिल्यांदा.

वंदना संपली, बायका चपला शोधू लागल्या. अश्वजित चहा घेऊन आला. आजींनी बशीत ओतून अर्धा मला दिला, अर्धा स्वतः घेतला, फुंकर न घालता प्यायल्या. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी बशीसकट हात वर केला. मग बाहेर अंगणात चालत आल्या, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं.

"शनवारी येजो," त्या म्हणाल्या. "नखं वाहाडले हायेत. आन तिकडं जाऊन कोनाले सांगू नोको."

पुढच्या रविवारी मी आमच्या मंडळीत उभी राहिले आणि पाणी गरम होतं ते सांगितलं, कारण ते सांगायचं बाकी होतं. नागपूरला अतुल गेला. इथे तुम्हालाही एवढं सांगितलं, ते आधी खोटं सांगून झालं होतं म्हणून. कारध्याच्या शनिवारांबद्दल मला मंडळीत अजूनही विचारतात. मी विषय बदलते.